‘फक्त याच पॅकेजपुरतं’ असं काही नसतं : कम्पायलरचे फ्लॅग आणि माझे अडीच महिने



नेहमी मी इथे माझ्या संशोधनाबद्दल लिहिते. या वेळी संशोधनाबद्दल नाही, तर ते ज्या कॉम्प्युटरवर चालतं त्याच्या एका सवयीबद्दल लिहिणार आहे, आणि थोडं रागानेच लिहिणार आहे. सवय अशी, की लिनक्सवर सॉफ्टवेअर स्वतः कम्पाइल करायचं आणि प्रत्येक पॅकेजला त्याचे त्याचे खास ऑप्टिमायझेशन फ्लॅग द्यायचे. याला हे, त्याला ते. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटायचं.

आधी थोडी ओळख

कम्पायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम. जीसीसी हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा, १९८७ पासूनचा. त्याला आपण सूचना देऊ शकतो, त्यांना फ्लॅग म्हणतात. ‘ओ-२’ म्हणजे नेहमीची, भरवशाची पातळी. ‘ओ-३’ म्हणजे आणखी जोर लावून बघ. ‘मार्च-नेटिव्ह’ म्हणजे याच मशीनच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर (मार्च म्हणजे महिना नव्हे, मशीन आर्किटेक्चर). आणि ‘फास्ट-मॅथ’ म्हणजे गणिताचे नियम थोडे वाकवलेस तरी चालेल, पण लवकर आटप. ‘ओ-फास्ट’ या फ्लॅगच्या पोटात हा फास्ट-मॅथ येतोच.

डेबियन किंवा फेडोरा वापरत असाल तर यातलं काहीच तुम्हाला करावं लागत नाही. पॅकेज तयार होऊन येतात आणि बहुतेक सगळी एकाच ठरलेल्या फ्लॅगवर बांधलेली असतात. जेंटूचं तसं नाही. तिथे पॅकेज तुमच्याच मशीनवर कम्पाइल होतं. ‘मेक डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये सगळ्यांसाठी एकच फ्लॅग लिहायचे, आणि एखाद्याला वेगळे द्यायचे असतील तर त्यासाठी ‘पॅकेज डॉट एन्व्ह’ नावाची सोय आहे. अमुक पॅकेज, तमुक फ्लॅग, एक ओळ. सुपरकॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या स्पॅकमध्येही एकेका पॅकेजला वेगळे फ्लॅग देता येतात.

सोय असणं वाईट नाही. ती कशासाठी वापरली जाते यावर माझं भांडण आहे.

झालं असं की

लॅबमध्ये मला जे डेस्कटॉप मिळालं ते वारशाने आलेलं. आमच्या एका सीनियरने त्यावर जेंटू बसवलं होतं. माणूस हुशार, आणि मशीन खरंच चपळ वाटायचं. तो पोस्टडॉकसाठी परदेशी गेला आणि मशीन माझ्या टेबलावर आलं.

माझं काम दुर्मिळ घटनांच्या सिम्युलेशनचं. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता अतिशय कमी असते, ती घडेपर्यंत वाट बघत बसलो तर जन्म जाईल. म्हणून आपण सिस्टिमला मुद्दाम तिकडे ढकलतो आणि प्रत्येक रनला एक वजन देऊन हिशेब सरळ करतो. ही वजनं कधीकधी भयंकर लहान असतात. दशांश चिन्हानंतर तीनशेपेक्षा जास्त शून्यं, इतकी लहान.

एकच कोड, एकच इनपुट, रॅन्डम नंबरचं बीजही एकच. डेस्कटॉपवर एक उत्तर आणि क्लस्टरवर दुसरं. फरक शेवटच्या दोन-चार आकड्यांत असता तर मी खांदे उडवले असते, कारण दोन मशीनवर तेवढा फरक पडतोच. पण इथे डेस्कटॉपवर काही रनचं वजन थेट शून्य येत होतं, शून्याचा लॉग उणे अनंत, आणि माझी स्क्रिप्ट असे रन ‘खराब’ म्हणून बाजूला टाकत होती. मुख्य आलेखातली वक्ररेषा त्यामुळे एका टोकाला वाकली होती. तो आलेख मी मॅडमना दाखवला होता. एका कॉन्फरन्सला पाठवलेल्या सारांशात त्या वाकण्याबद्दल एक उत्साही वाक्यही लिहिलं होतं.

मॅडमनी एकच विचारलं, “हा परिणाम फिजिक्सचा आहे की तुझ्या टेबलाचा?”

अडीच महिने गेले. आधी स्वतःच्या कोडवर संशय घेतला. मग रॅन्डम नंबरवर. मग रॅमवर. एकदा वैतागून क्लस्टरसारखंच डेस्कटॉपवरही चालवून बघू म्हणून आलेख काढणारी लायब्ररी आयात करणारी ओळ बंद केली, आणि उत्तर क्लस्टरसारखं आलं! ओळ चालू केली, पुन्हा चुकलं. जी लायब्ररी माझ्या गणितात कुठेच येत नाही, ती नुसती आयात केली तरी गणित बदलत होतं. असं काही दिसलं की माणूस पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो.

गळती नेमकी कुठून

आता कारण सांगते, कारण माझा मूळ मुद्दा त्यातच आहे.

कॉम्प्युटर साधारणपणे २.२ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात एवढ्या लहान संख्येपर्यंत पूर्ण अचूकतेने जातो. त्याखाली सुमारे १० चा उणे ३२४ वा घात इथपर्यंत एक पट्टा आहे. त्यात अचूकता कमी कमी होत जाते, पण संख्या शून्य होत नाही. या संख्यांना ‘सबनॉर्मल’ म्हणतात. काही प्रोसेसरवर त्यांचा हिशेब मंद चालतो, म्हणून प्रोसेसरमध्ये एक बटण दिलेलं आहे. ते दाबलं की सबनॉर्मल संख्या सरळ शून्य धरल्या जातात.

फास्ट-मॅथने बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये जीसीसी हे बटण सुरुवातीलाच दाबणारा एक तुकडा जोडून देतो. स्वतंत्र प्रोग्रॅम असेल तर ठीक, ज्याने मागितलं त्याला मिळालं. पण वर्षानुवर्षं जीसीसी हा तुकडा शेअर्ड लायब्ररीलाही जोडत होता. आणि ते बटण लायब्ररीचं नसतं, ते चालू थ्रेडचं असतं. लायब्ररी लोड झाली की बटण दाबलं जातं आणि तिथून पुढे त्या थ्रेडमधलं सगळं गणित, माझं, तुमचं, नमपायचं, त्याच नियमाने चालतं. त्यातून पुढे निघालेले थ्रेडही तोच नियम घेऊन जन्माला येतात.

सोसायटीत एका फ्लॅटवाल्याने पाण्याच्या लाइनला पंप लावला तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तो म्हणतो, “मी माझ्या घरात लावलाय.” लाइन सगळ्यांची आहे, हे तो सांगत नाही.

आमच्या मशीनवर आलेखाची चित्रं फाइलमध्ये साठवण्यासाठी लागणारी एक छोटी लायब्ररी ‘ओ-फास्ट’वर बांधलेली होती. जेंटू प्रत्येक पॅकेज कोणत्या फ्लॅगवर बांधलं याची नोंद ठेवतो. त्या नोंदींत शोध मारला आणि दोन मिनिटांत ती सापडली. पण शोध कुठे मारायचा हे कळायला अडीच महिने लागले.

हे काही माझ्याच नशिबी आलं असं नाही. जीसीसीच्या तक्रारवहीत याची तक्रार २०१२ पासून पडून होती. २०२२ मध्ये ब्रेन्डन डोलन-गॅविट या संशोधकाने पायथनच्या तयार पॅकेजांमध्ये हाच प्रकार शोधून जाहीरपणे मांडला. ‘जीइव्हेन्ट’ नावाचं नेटवर्किंगचं पॅकेज, ज्याचा आकडेमोडीशी काही संबंध नाही, ते ओ-फास्टवर बांधलेलं होतं. शेवटी २०२३ मध्ये आलेल्या जीसीसी १३ ने शेअर्ड लायब्ररीला तो तुकडा जोडणं बंद केलं. आमच्या मशीनवरचा जीसीसी त्याच्या आधीचा.

आणि हो, नमपाय मला इशारा देत होतं. ‘सर्वांत लहान सबनॉर्मल संख्येची किंमत शून्य आहे’ अशा अर्थाची एक ओळ स्क्रीनवर रोज येऊन जायची. मी ती रोज बघून सोडून द्यायचे. शिवाय इतकी लहान वजनं लॉगमध्येच साठवायला हवी होती, हेही खरं. ती चूक माझी. सीनियरवर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही.

हा एकच अपघात नव्हे

तुम्ही म्हणाल, जीसीसी १३ आला, प्रश्न मिटला. नाही मिटला. एक भोक बुजलं एवढंच. पॅकेजची हद्द ही पॅकेज मॅनेजरच्या वहीत असते, चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत ती हद्द नसते. दुसरं उदाहरण घ्या.

‘आयगन’ ही सी-प्लस-प्लसमधली मॅट्रिक्सची लायब्ररी खूप ठिकाणी वापरली जाते. गंमत म्हणजे ती स्वतंत्रपणे कम्पाइल होतच नाही. ती नुसत्या हेडर फाइलींची आहे आणि जो तिला वापरतो त्याच्या फ्लॅगने ती त्याच्या पोटात कम्पाइल होते. मेमरीत आकडे किती बाइटच्या सीमेवर मांडायचे हे आयगन फ्लॅग बघून ठरवते. साध्या एसएसईवर १६, एव्हीएक्स चालू असेल तर ३२. आता ‘क’ पॅकेज मार्च-नेटिव्हने बांधलं आणि ‘ख’ साध्या फ्लॅगने. ‘क’ने मागितलेली मेमरी ‘ख’ने परत केली. दोघांच्या मांडणीचे नियम वेगळे, आणि प्रोग्रॅम कोसळला. पॉइंट क्लाउड लायब्ररी वापरणाऱ्या रोबोटिक्सच्या मंडळींना हा अनुभव चांगलाच ओळखीचा आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सगळी पॅकेज मार्च-नेटिव्हने बांधली असती तर ही अडचण आली नसती, आणि एकही बांधलं नसतं तरी आली नसती. तो फ्लॅग स्वतःमध्ये वाईट नाही. तो काहींना द्यायचा आणि काहींना नाही, यातून घोटाळा जन्मतो.

सी-प्लस-प्लसमध्ये याचा आणखी एक छुपा प्रकार आहे. हेडरमधलं एकच छोटं फंक्शन दोन लायब्ररींमध्ये दोन वेगळ्या फ्लॅगने कम्पाइल होतं. जोडणी होताना नाव एकच दिसतं, म्हणून सहसा त्यांतली एकच प्रत वापरली जाते, बहुधा जी आधी सापडेल ती. म्हणजे तुम्ही ‘ख’ला फास्ट-मॅथ दिलाच नव्हता, तरी ‘ख’ चालताना ‘क’ची फास्ट-मॅथवाली प्रत वापरू शकतो. फास्ट-मॅथमध्ये कम्पायलर धरून चालतो की ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ अशी किंमत, कधी येणारच नाही. म्हणून नॅन आहे का हे तपासणारी ओळ तो बिनधास्त उडवू शकतो. ही तपासणी तुमच्या डेटाचा शेवटचा पहारेकरी असेल तर तो पहारेकरी गेला, आणि गेल्याचं कळवणारंही कोणी नाही.

बरं, वेग तरी मिळतो का?

आता दुसरी बाजू तपासू. एवढा धोका पत्करून हाती काय लागतं?

साधं गणित करा. तुमच्या प्रोग्रॅमचा ३ टक्के वेळ एका लायब्ररीत जातो. खास फ्लॅगने ती लायब्ररी २० टक्के जास्त वेगाने चालायला लागली असं उदारपणे धरू. एकूण वेळ वाचला अर्धा टक्का. तासाच्या कामात १८ सेकंद. ते पॅकेज पुन्हा कम्पाइल करायला याहून जास्त वेळ गेला असेल.

शिवाय जिथे खरा वेळ जातो त्या लायब्ररी बहुधा आधीच हुशार असतात. ओपनब्लास प्रोसेसर ओळखून त्याच्यासाठी हाताने लिहिलेला कोड निवडू शकते. ग्लिबसीमधली मेमरी कॉपी करणारी फंक्शनंही चालू होताना हेच करतात. एफएफएमपेगमध्ये महत्त्वाचे तुकडे असेम्ब्लीत लिहिलेले आहेत. यांच्यावर ओ-३ लावणं म्हणजे धुतलेले तांदूळ पुन्हा धुणं.

आणि ‘मी मोजलं, फरक पडला’ हे वाक्य आपण समजतो तितकं भक्कम नसतं. २००९ मध्ये मिटकोविच, दिवाण, हाउसविर्थ आणि स्वीनी यांनी एक पेपर लिहिला. तो आमच्यासारख्या सगळ्यांना सक्तीने वाचायला लावावा असं मला वाटतं. त्यांनी दाखवलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा आकार किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला, तरी प्रोग्रॅमचा वेग इतका बदलू शकतो की ओ-२ पेक्षा ओ-३ बरा की वाईट हा निष्कर्षच उलटा होतो. म्हणजे युजरचं नाव लांब असल्यानेसुद्धा तुमचा बेंचमार्क हलू शकतो! त्यानंतर २०१३ मध्ये कर्टसिंगर आणि बर्गर यांनी मेमरीतली मांडणी सतत विस्कटत, म्हणजे हा नशिबाचा भाग काढून टाकत, एलएलव्हीएमवर पुन्हा मोजलं. स्पेक या मान्यवर बेंचमार्कच्या संचावर ओ-२ वरून ओ-३ वर जाण्याचा परिणाम यादृच्छिक चढउतारातून वेगळा काढता आला नाही.

म्हणून कोणी एक प्रोग्रॅम दोनदा चालवून ‘४ टक्के फायदा झाला’ म्हणालं, तर मी आता विचारते, “मांडणी बदलून किती वेळा चालवलंस?” बहुधा गप्प बसतात.

यादी कोण सांभाळणार?

मला सगळ्यांत जास्त खटकतो तो भाग आता. आमच्या मशीनवरच्या त्या फाइलमध्ये ४० ओळी होत्या. चाळीस पॅकेज, प्रत्येकाला वेगळे फ्लॅग. एकाही ओळीपुढे कारण नाही, तारीख नाही, मोजमाप नाही. प्रत्येक ओळ लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात काहीतरी नक्की असणार. पण मन पोस्टडॉकला गेलं आणि ओळी मागे राहिल्या.

चाळीस पॅकेज आणि प्रत्येकासाठी दोनच पर्याय धरले तरी जुळण्या होतात २ चा ४० वा घात, म्हणजे जवळपास १.१ लाख कोटी. त्यांतली आमची नेमकी जुळणी जगात दुसऱ्या कोणाकडे असण्याची शक्यता नाहीच म्हणा. डेबियनमधलं पॅकेज लाखो लोक त्याच रूपात वापरतात. त्यात खोट असेल तर ती कोणाला तरी आधी लागते आणि आपल्याला तयार उत्तर सापडतं. आमच्या मशीनची परीक्षा घेणारी मी एकटी.

कम्पायलरमध्येही चुका असतात, हे विसरू नका. २०११ मध्ये यूटा विद्यापीठातल्या गटाने सीस्मिथ या साधनाने वेगवेगळ्या सी कम्पायलरमध्ये ३२५ हून जास्त नवे दोष शोधल्याचं प्रसिद्ध केलं. चार लोक चालतात ती वाट तुडवून सपाट झालेली असते. आडवाटेला काटे कोण बघून ठेवणार?

आणि गंमत ऐका. तुम्ही दिलेला फ्लॅग लागतोच असंही नाही. जेंटूचे पॅकेज बनवणारे लोक अनुभवी आहेत. अमुक फ्लॅगने हे पॅकेज मोडतं हे त्यांना माहीत असलं की ते कृतीतच तो फ्लॅग गाळतात किंवा बदलतात. तुम्ही ओ-३ लिहून खूश, आत ओ-२ चालू. उलट काही जण मूळ फ्लॅगमध्ये भर घालण्याऐवजी नवीनच ओळ लिहितात, आणि सगळ्यांसाठी ठरवलेले सुरक्षेचे फ्लॅग त्या पॅकेजपुरते गळून पडतात. दोन्हीकडे फाइलीत लिहिलेलं एक आणि घडलेलं दुसरं.

मशीन बदलताना तर विचारूच नका. मार्च-नेटिव्हवाली पॅकेज जुन्या प्रोसेसरवर नेली की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतात. सगळीच तशी असती तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. चाळीसच तशी असल्यामुळे मशीन नीट सुरू होतं आणि दोन महिन्यांनी, सबमिशनच्या आदल्या रात्री, नेमका एक प्रोग्रॅम मरतो.

मग कधीच वापरू नये का?

असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी वेगळा फ्लॅग हवाच. लिनक्स कर्नल बघा. २००९ मध्ये नेटवर्कच्या एका ड्रायव्हरमध्ये चूक होती, आणि पॉइंटर रिकामा आहे का ही तपासणी कम्पायलरने ‘अनावश्यक’ म्हणून उडवल्यामुळे ती चूक सुरक्षेचं भगदाड ठरली. तेव्हापासून कर्नल अशा तपासण्या उडवू नकोस असा फ्लॅग मुद्दाम देतो. पायथनही पूर्णांक मर्यादेबाहेर गेले तर काय धरायचं याचा फ्लॅग स्वतःच ठरवतो. एखादं पॅकेज डीबग करायचं असेल तर तेवढं ओ-शून्यवर बांधणंही रास्त.

फरक दिसतोय ना? हे फ्लॅग बरोबर उत्तरासाठी आहेत, ते कोड लिहिणाऱ्यांनीच ठरवले आहेत, कारण लिहून ठेवलं आहे आणि ते वापरणाऱ्या सगळ्यांना सारखे लागतात. माझी टीका आहे ती वेगासाठी, अंदाजाने, एकट्याने आणि कारण न लिहिता दिलेल्या फ्लॅगवर.

‘सगळ्यांना ओ-फास्ट लावण्यापेक्षा चारच पॅकेजना लावलेला बरा’ असंही एकाने मला ऐकवलं. मला ते पटत नाही. सगळ्यांना लावला असता तर मशीन पहिल्याच दिवशी बोंबललं असतं आणि कोणीतरी काढून टाकला असता. चारांना लावल्यामुळे ते गुपचूप चुकत राहिलं.

सध्या मी काय करते

ती फाइल मी रिकामी केली. सगळ्या पॅकेजना ओ-२ आणि मार्च-नेटिव्ह, एकसारखं. जेंटूची स्वतःची माहितीपानंही साधारण हेच सुचवतात. पूर्ण मशीन पुन्हा कम्पाइल व्हायला शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार लागली. नंतर माझा कोड चालवला. वेगात फरक? घड्याळात दिसेल असा नाही.

माझ्या स्वतःच्या सिम्युलेशनला मात्र मी ओ-३ देते, कारण ९० टक्के वेळ तिथेच जातो, मी ते मोजलं आहे आणि उत्तर बदलत नाही हे तपासणाऱ्या चाचण्या माझ्याकडे आहेत. उद्या एखाद्या पॅकेजला वेगळा फ्लॅग द्यावाच लागला तर वरती तीन गोष्टी लिहीन: का दिला, कसं मोजलं, कधी काढायचा. हे लिहिता येत नसेल तर तो फ्लॅग द्यायचा नाही. शिवाय प्रत्येक रनच्या सुरुवातीला माझी स्क्रिप्ट एक सबनॉर्मल संख्या घेऊन ती शून्य तर होत नाही ना, एवढं बघते. दोन ओळींचं काम आहे, तुम्हीही करा.

वक्ररेषा आता सरळ आहे. कॉन्फरन्सच्या सारांशातलं ते उत्साही वाक्य मी मेल करून मागे घेतलं. लिहायला पाच मिनिटं लागली, पाठवायला दोन दिवस. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त थीसिसच्या पद्धतींच्या प्रकरणात कम्पायलर, त्याची आवृत्ती आणि फ्लॅग यांचा तक्ता घाल म्हणाल्या. तो तक्ता एका ओळीचा झाला आहे, आणि तो एका ओळीचाच राहावा अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या लॅबमध्येही वारशाने आलेलं एखादं चपळ मशीन असेल, तर आज संध्याकाळी ती फाइल उघडून बघा. किती ओळी आहेत ते मोजा, आणि त्यांतल्या कितींचं कारण तुम्हाला सांगता येतं तेही.